मुक्त अक्षर आणि अक्षरकाराची उपजीविका : मराठी फॉन्टसंदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. संगणक-प्रणाली वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य हे मुक्त प्रणालीच्या चळवळीचे तत्त्व होय. या तत्त्वात विक्री निषिद्ध नाही. परंतु वाटण्याची मुभा असलेली वस्तू दुसऱ्यांदा विकत कोण घेणार, हा प्रश्न उरतो. मराठी फॉन्टच्या बाबतीत तो विशेष तीव्र होतो.

विवेचन :
मुक्त प्रणाली पुरविणाऱ्या कंपन्या देखभाल व सेवेचे शुल्क घेऊन तगू शकतात. फॉन्टचे तसे नाही. जोडाक्षरे घडविण्याचे बहुतेक श्रम प्रारंभीच खर्ची पडतात; नंतर सेवा द्यावी असे फारसे काही उरत नाही. त्यामुळे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’सारखी उत्पादने मूल्य घेऊन विकली गेली, यात गैर काही नाही. राज्यातील डीटीपी व्यवसायाला त्यांनी मोठा आधार दिला.

दोष किमतीत नसून संकेतनात होता. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये सामान्यतः रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असत. फॉन्ट नसल्यास मजकूर निरर्थक चिन्हांत दिसे आणि शोध घेतल्यास सापडत नसे. अक्षराकार उत्पादकाचा, मजकूर मात्र लेखकाचा. कुलूप दोन्हींना लागले. भंडारा जिल्ह्याच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर प्रभृतींनी झाडीबोलीला लेखनात प्रतिष्ठा मिळवून दिली. प्रमाण मराठीचा मजकूर विपुल असल्याने तिची हानी भरून निघते. बोलीचे एखादे पुस्तक जुन्या फाइलीत अडकले, तर त्यातील शब्द अभ्यासकाला दुरावतात.

रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ फॉन्ट मुक्त परवान्याने खुले केले. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ व ‘यशोवेणू’ हे युनिकोड फॉन्ट विनामूल्य उपलब्ध करून दिले. वापरणाऱ्याने दाम दिले नाहीत, याचा अर्थ श्रम फुकट झाले असा नव्हे. खर्चाचा भार संस्थेने वाहिला. या मार्गालाही मर्यादा आहे. आश्रयदात्याला जे आवश्यक वाटेल तेच घडते आणि अक्षरकाराचे स्वातंत्र्य त्या प्रमाणात आक्रसते.

समारोप :
सारांश, मुक्ततेचा आग्रह प्रथम संकेतनाबाबत धरला पाहिजे. तेथे तडजोड नको. अक्षराकाराचे मूल्य अक्षरकाराने ग्राहकाकडून घ्यावे की संस्थेकडून, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. मात्र ते कोणीतरी दिलेच पाहिजे. त्यागाच्या अपेक्षेवर उभी राहिलेली मुक्तता अक्षरकाराला टिकवू शकत नाही, आणि अक्षरकार टिकला नाही तर लिपीचा विकासही खुंटतो.