विठाबाई नारायणगावकर : आख्यायिकेआड गेलेली कलावती

तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (1935–2002) यांच्याविषयीचे बहुतांश लेखन एकाच प्रसंगाभोवती फिरताना दिसते. खेळ रंगात आला असता त्यांना प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंतपण झाले, दगडाने नाळ तोडली गेली आणि त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असे सांगितले जाते. कलानिष्ठेचा दाखला म्हणून हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेला आहे की, विठाबाई बोर्डावर नेमके काय करीत असत, याची चर्चा त्यापुढे फिकी पडते.

या गौरवातच खरी अडचण आहे. दिवस भरलेल्या स्त्रीला रात्रीच्या खेळात नाचावे का लागले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. फडाचा संसार हंगामावर चालतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन यात्रेची सुपारी ठरवितात. कलावंतांनी उचल घेतलेली असते आणि प्रमुख स्त्री कलावंत उभी राहिली नाही तर खेळच मोडतो. ज्याला त्याग म्हटले जाते, ते या व्यवहारातील सक्तीचे श्रमही होते. त्याग म्हटले की व्यवस्था सुटते.

दुसरी गफलत प्रकाराविषयीची आहे. नांदेड जिल्ह्यातील रसिकाला लावणी भेटते ती प्रामुख्याने माळेगावच्या खंडोबा यात्रेतील लावणी महोत्सवात, म्हणजे वगापासून सुटी झालेली. विठाबाईंची परंपरा मात्र ढोलकी फडाची. गण, गवळण, बतावणी आणि वग हा तिचा क्रम. तेथे नर्तिकेला गावे लागते, सवाल-जवाबात हजरजबाबी राहावे लागते आणि पहाटेपर्यंत वगातील भूमिकाही निभवावी लागते. शिवाय विठाबाईंनी फडही चालविला. ‘लावणी नाचणारी बाई’ एवढीच त्यांची ओळख ठेवणे म्हणजे नटी आणि फडमालकीण या दोघींना वगळणे होय.

पाश्चात्त्य बर्लेस्कशी तुलना येथे उपयुक्त ठरते. 1868 मध्ये लिडिया थॉम्प्सनचे पथक न्यूयॉर्कला गेले, तेव्हा स्त्रियांनी पुरुषी वेशात पुराणकथांची टवाळी केली आणि प्रतिष्ठितांचा रोष ओढवून घेतला. गवळणीत हीच क्रिया उलट दिशेने घडते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची मावशी पुरुष नट करतो आणि देवाची वाट अडविणे हा विनोदाचा विषय होतो. शृंगार व विडंबन एकाच अंगात वागविण्याचे कसब दोन्हीकडे लागते. मराठी समीक्षेने मात्र शृंगाराची लाज बाळगली आणि विडंबन ‘लोककला’ या सोवळ्या नावाखाली झाकले.

फरक आहे तो स्वतःची कथा सांगण्याच्या अधिकाराचा. अमेरिकन बर्लेस्कमधील जिप्सी रोझ ली हिचे आत्मचरित्र 1957 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. पुढे 1990 मध्ये पुन्हा मिळाला. त्यांचे आयुष्य मात्र ग्रंथरूपाने आले ते योगीराज बागूल यांच्या लेखणीतून, ‘तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा’ या पुस्तकात. बागूल यांचे काम मोलाचे आहेच. परंतु फडात जन्म काढणाऱ्या बाईला लेखणीपर्यंत पोहोचण्यासाठी मध्यस्थ लागावा, ही बाब केवळ व्यक्तिगत नाही.

जातीचा मुद्दाही याच ओघात येतो. ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या फडाच्या नावात जात उघडपणे होती. ज्या पंक्तीत या कलावंतांना बसू दिले जात नव्हते, त्याच गावात हे नाव तिकीट काढून पाहिले जात असे. विठाबाईंचा अखेरचा काळ हलाखीत गेला; 15 जानेवारी 2002 रोजी त्यांचे निधन झाले आणि रुग्णालयाचे देणे दात्यांच्या मदतीने भागविले गेले. राज्य शासनाने 2006 पासून तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्काराला त्यांचे नाव दिले. ‘विठाबाई नारायणगावकर’ असे ते नाव आहे. वडिलांचे ‘भाऊ’ त्यात नाही, आणि फडाच्या पाटीवर मिरविलेले ‘मांग’ही नाही.