लेव्हार बर्टन : दुसऱ्याचे शब्द आणि स्वतःचे वाचन

एखाद्या नटाच्या कारकिर्दीला ‘बहुरंगी’ हे विशेषण लावले की समीक्षकाची जबाबदारी संपली, असे प्रस्थापित समीक्षेत सर्रास मानले जाते. लेव्हार बर्टन या अमेरिकन कृष्णवर्णीय नटाबाबत तर हे विशेषण फारच सोयीचे आहे. त्याने गुलामाची भूमिका केली, अंतराळयानातील अभियंता रंगविला, लहान मुलांना पुस्तकांची गोडी लावली, मालिकांचे भाग दिग्दर्शित केले आणि विज्ञानकादंबरी लिहिली. एवढी यादी दिली की वैविध्य सिद्ध होते. परंतु ज्या समाजात अक्षर शिकणे हाच एके काळी गुन्हा होता, त्या समाजातून आलेल्या माणसाच्या कामाकडे अशा यादीच्या नजरेने पाहून चालणार नाही. तेथे निराळा प्रश्न विचारावा लागतो. या माणसाच्या तोंडी जे शब्द होते ते कोणी लिहिले होते? आणि स्वतःचे शब्द लिहिण्याची वेळ आली तेव्हा त्याने काय लिहिले?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच ब्लॅक पँथरकडून घेतले. अमेरिकेतील काळ्या माणसाच्या लढ्याचे आणि आपले नाते असे जुने आहे. मात्र त्या नात्यात आपण कविता, आत्मकथा आणि चळवळ यांचाच विचार अधिक केला. छोट्या पडद्यावर काळ्या माणसाचे काय झाले, याची चिकित्सा आपल्याकडे फारशी झाली नाही. वास्तविक आजचा आपला विद्यार्थी पुस्तकाच्या आधी पडद्याला भेटतो. म्हणून ही चिकित्सा आवश्यक आहे.

बर्टनचा जन्म १९५७ साली पश्चिम जर्मनीत झाला. वडील अमेरिकन लष्करात छायाचित्रकार होते. तो वाढला मात्र कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे, शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आईच्या हाताखाली. तेराव्या वर्षी तो कॅथलिक धर्मगुरू होण्यासाठी पाठशाळेत दाखल झाला, पुढे ती वाट सोडून विद्यापीठात नाट्यशिक्षण घेऊ लागला. तेथे शिकत असतानाच, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ॲलेक्स हॅले याच्या ‘रूट्स’ या पुस्तकावरील मालिकेत तरुण कुंता किंटेची भूमिका त्याच्याकडे आली. व्यावसायिक नट म्हणून हे त्याचे पहिलेच काम होते.

‘रूट्स’ जानेवारी १९७७ मध्ये सलग आठ रात्री दाखविली गेली. टीव्ही असलेल्या अमेरिकन घरांपैकी सुमारे ८५ टक्के घरांत तिचा काही ना काही भाग पाहिला गेला आणि शेवटचा भाग सुमारे १० कोटी लोकांनी पाहिला. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या तरुणाला खांबाला बांधून चाबकाने फोडून काढले जाते. मालकाने दिलेले ‘टोबी’ हे नाव त्याने उच्चारावे, एवढीच मागणी असते. तो कितीदा तरी स्वतःचे खरे नाव सांगतो आणि अखेर मोडतो. बर्टनच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जी मानखंडना दिसते, ती पाहताना आपल्याकडील वाचकाला टीकेची परिभाषा शोधावी लागत नाही. नाव काढून घेणे, हिणकस नाव चिकटविणे, पुढे तेच नाव कागदोपत्री कायम करणे, हा व्यवहार आपल्या गावगाड्याने पिढ्यान्‌पिढ्या चालविला आहे.

तरीही या मालिकेपुढे केवळ हात जोडून उभे राहणे योग्य होणार नाही. गोऱ्या प्रेक्षकाला बरे वाटावे म्हणून निर्मात्यांनी टीव्हीवरील ओळखीचे गोरे चेहरे तिच्यात भरले. गुलामांच्या जहाजाचा कप्तान मन खाणारा, धर्मभीरू माणूस म्हणून रंगविला. पुस्तकात त्याला असे स्थान नाही. अत्याचार दाखवायचा, पण अत्याचार करणाऱ्याच्या मनातील घालमेलही तेवढ्याच जिव्हाळ्याने दाखवायची, ही तडजोड आपण मराठी सिनेमात आणि कथेतही पाहत आलो आहोत. पुस्तकाबद्दलही वाद झाला. हॅरॉल्ड कूरलँडर या लेखकाच्या कादंबरीतील मजकूर ‘रूट्स’मध्ये आल्याचे हॅलेला मान्य करावे लागले आणि १९७८ मध्ये ते प्रकरण पैसे देऊन मिटले. ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. शोषितांच्या साहित्याला वेगळी, सैल फूटपट्टी लावा असे आपण कधीच म्हटलेले नाही.

पण या मालिकेतील सर्वांत महत्त्वाचा धागा चाबकाच्या प्रसंगात नसून पुढे आहे. कुंताची मुलगी किझी घरातल्या गोऱ्या मुलीच्या संगतीत लिहायला-वाचायला शिकते. त्या ज्ञानाच्या बळावर ती आपल्या प्रियकराला पळून जाण्यासाठी प्रवासाचा खोटा परवाना लिहून देते. हे उघडकीस येताच तिला आईबापांपासून तोडून विकले जाते. तिचा अपराध अक्षर हा आहे. ही लेखकाची कल्पना म्हणून सोडून देता येत नाही. साउथ कॅरोलायनाने १७४० सालीच गुलामांना लिहायला शिकविण्यास कायद्याने बंदी केली होती; नॉर्थ कॅरोलायनाने १८३० मध्ये वाचन आणि लेखन दोन्ही शिकविणे गुन्हा ठरविले. मालकवर्गाला चाबकापेक्षाही अक्षर नेमके कळले होते. वेदाक्षर कानी पडले तरी शूद्राला शिक्षा सांगणाऱ्या धर्मशास्त्रकारांनाही ते कळले होते.

या पार्श्वभूमीवर बर्टनच्या पुढील कामाला अर्थ प्राप्त होतो. ११ जुलै १९८३ रोजी पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर ‘रीडिंग रेनबो’ हा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. बर्टन त्याचा सूत्रधार होता आणि पुढे निर्मात्यांपैकी एक झाला. २००६ पर्यंत त्याचे १५५ भाग तयार झाले. कार्यक्रमाची रीत साधी होती. एक पुस्तक वाचले जाई, त्यातील विषयाच्या मागोवा घेत बर्टन प्रत्यक्ष एखाद्या ठिकाणी जाई, आणि शेवटी लहान मुले स्वतः आपल्याला आवडलेल्या पुस्तकांविषयी बोलत. त्याआधी तो मुलांना दरवेळी बजावी की केवळ माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका. वरवर हे एक हलकेफुलके पालुपद होते. परंतु ज्याच्या पूर्वजांना शब्दप्रामाण्य हाच एकमेव धर्म शिकविला गेला, तो माणूस लाखो मुलांना ‘मी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः वाचा’ असे सांगतो, तेव्हा ते पालुपद राहत नाही. ती एक विचारपद्धती होते. आणि समीक्षा करण्याचा अधिकार तो सात-आठ वर्षांच्या मुलांच्या हाती देतो, हेही विसरता कामा नये.

हा कार्यक्रम बंद कसा पडला, हे कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी मुद्दाम पाहिले पाहिजे. एकही मूल मागे राहू नये असे सांगणारा शिक्षणकायदा अमेरिकेत २००२ साली आला. त्यानंतर सरकारी पैशाचा ओघ अक्षरओळख आणि उच्चार शिकविणाऱ्या कार्यक्रमांकडे वळला. वाचावे का, हे सांगणाऱ्या कार्यक्रमाला पैसा उरला नाही आणि २००९ मध्ये त्याचे प्रसारण थांबले. पुढे २०१४ मध्ये बर्टनने त्याच्या नव्या, संगणकावरील रूपासाठी लोकांकडे १० लाख डॉलर मागितले. एक लाखाहून अधिक लोकांनी मिळून ५४ लाखांहून अधिक डॉलर दिले. लहानपणी पाहिलेल्या कार्यक्रमाचे ऋण लोकांनी मोठेपणी फेडले. परंतु जे काम सार्वजनिक संस्थेचे होते ते वर्गणीवर आले, ही त्या आनंदातील बोच आहे.

येथे एक सोपी भूमिका घेण्याचा मोह होतो, ती म्हणजे वाचनाची आवड महत्त्वाची, अक्षरे घोकणे दुय्यम. बर्टन स्वतः तेथे थांबला नाही. २०२३ मध्ये आलेल्या ‘द राइट टू रीड’ या माहितीपटाचा तो निर्मात्यांपैकी एक आहे. ओकलंड शहरातील काळ्या वस्त्यांमधील मुलांना शाळेत जाऊनही वाचता येत नाही, त्यांना अक्षर आणि ध्वनी यांचे नाते पद्धतशीर शिकविले पाहिजे, हा मूलभूत नागरी हक्काचा प्रश्न आहे, अशी त्या माहितीपटाची मांडणी आहे. आवडीचा प्रचार वीस वर्षांहून अधिक काळ केलेला माणूस आता कौशल्याच्या बाजूने उभा राहतो. यात मला विसंगती दिसत नाही. सुशिक्षित घरातल्या मुलाला अक्षर घरीच मिळते, त्याला शाळेने गोडी लावली तरी भागते. माझ्यासारख्या, घराण्यातील पहिल्या पदवीधराच्या घरी शब्दकोश आला तो नोकरी लागल्यावर. माझ्या वर्गात आज अशी मुले आहेत की ज्यांना बाबासाहेबांविषयी अपार प्रेम आहे, पण त्यांच्या ग्रंथाचे एक पान सलग वाचताना दम लागतो. त्यांना प्रेमाचे भाषण पुरत नाही. वाचता येईल असे शिकवावे लागते. केवळ कौशल्य दिले तर अर्ज भरणारे हात तयार होतात. केवळ आवड दिली तर जयंतीचे वक्ते. दोन्हींची मागणी एकदम केली पाहिजे.

आता विज्ञानमालिकेकडे येऊ. १९८७ ते १९९४ या काळात चाललेल्या ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’मध्ये बर्टनने जॉर्डी ला फोर्ज ही व्यक्तिरेखा केली. चोविसाव्या शतकातील अंतराळयानाचा हा प्रमुख अभियंता जन्मांध आहे आणि डोळ्यांवरील व्हायझर नावाच्या पट्टीमुळे त्याला सामान्य माणसाहून अधिक दिसते. जॉर्ज ला फोर्ज या अपंग चाहत्याच्या स्मरणार्थ हे नाव दिले गेले. तंत्रज्ञानाच्या केंद्रस्थानी एक काळा आणि अंध माणूस बसतो, तो कोणाच्या दयेवर जगत नाही, उलट त्याच्याशिवाय यान हलत नाही. अशी प्रतिमा त्या काळच्या टीव्हीवर दुर्मीळ होती, हे श्रेय द्यायलाच हवे.

पण पडद्यामागची गोष्ट अशी की ती पट्टी घातली की खुद्द बर्टनला जवळजवळ काहीच दिसत नसे. व्यक्तिरेखेला दृष्टी मिळे तेव्हा नटाची दृष्टी जाई; आणि नटाचे मोठे भांडवल असणारे डोळे सात वर्षे झाकलेले राहिले. १९९६ च्या चित्रपटात ती पट्टी अखेर गेली. शिवाय जॉर्डी हुशार आहे, सज्जन आहे, पण त्याला राग नाही आणि प्रेमात तो नेहमी हरतो. संगणकाने रचलेल्या स्त्रीप्रतिमेत तो गुंततो, खऱ्या स्त्रीशी मात्र त्याचे जुळत नाही. भविष्यकाळात वंशभेद संपला आहे असे जाहीर करणाऱ्या मालिकेनेही काळ्या पुरुषाला निरुपद्रवी करूनच आपल्या यानात घेतले. आपल्याला समितीत घेतात, व्यासपीठावर बसवितात, पण आपण रागावू नये ही अट असते. तीच ही अट आहे.

या मर्यादेतून बर्टनने दोन वाटा काढल्या. पहिली दिग्दर्शनाची. ‘स्टार ट्रेक’च्या निरनिराळ्या मालिकांचे पंचवीसहून अधिक भाग त्याने दिग्दर्शित केले. त्यातील १९९३ च्या एका भागात मे जेमिसन एका छोट्या भूमिकेत दिसते. १९९२ मध्ये अंतराळात गेलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. जुन्या ‘स्टार ट्रेक’मधील निशेल निकोल्स या काळ्या अभिनेत्रीला पाहून तिने बालपणी अंतराळाचे स्वप्न पाहिले होते. एका काळ्या दिग्दर्शकाच्या कॅमेऱ्यासमोर कल्पनेतील यानात खरी अंतराळवीर येऊन उभी राहते, हे प्रतिनिधित्व शोभेचे नव्हे.

दुसरी वाट लेखनाची. १९९७ साली त्याची ‘आफ्टरमाथ’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात २०१२ साली अमेरिकेत पहिला काळा राष्ट्राध्यक्ष निवडून येतो आणि त्याची हत्या होते. काळे-गोरे यांच्यात यादवी पेटते, भूकंप होतो, आणि २०१९ मध्ये देश भग्नावस्थेत पडलेला असतो. रेने रेनॉल्ड्स या स्त्री डॉक्टरने दुर्धर रोग बरे करणारे यंत्र शोधले आहे. तिचे अपहरण होते आणि तिची मूक हाक बेघर झालेल्या एका काळ्या शास्त्रज्ञाला, एका आदिवासी वैद्याला आणि एका लहान मुलीला ऐकू येते. कादंबरी म्हणून ही रचना कच्ची आहे. योगायोग फार आहेत, पात्रे प्रतीकांच्या ओझ्याखाली वाकली आहेत. तरी तिचे मोल आहे. ‘स्टार ट्रेक’चे गुळगुळीत भविष्य बोलून दाखविणाऱ्या नटाने स्वतः लेखणी धरली तेव्हा वंशद्वेष संपलेला नव्हता, तो देश जाळत होता. आणि नासामध्ये काम केलेला काळा माणूस रस्त्यावर आला होता. जॉर्डीला जो राग नाकारला गेला तो येथे पानोपानी आहे. वास्तवात काळा राष्ट्राध्यक्ष २००८ मध्येच निवडून आला आणि त्याने दोन कार्यकाळ पूर्ण केले. पण कादंबरीचे भाकीत चुकले हा मुद्दा गौण आहे. भविष्याविषयी भीती बाळगण्याचा आणि ती स्वतःच्या शब्दांत मांडण्याचा हक्क त्याने बजावला, हे महत्त्वाचे.

काही मित्र म्हणतील की हा माणूस व्यवस्थेनेच मोठा केला. २०२४ मध्ये त्याला राष्ट्रीय मानव्यविद्या पदकही मिळाले. मग यात विद्रोह कोठे आहे? आक्षेप रास्त आहे. बर्टन विद्रोही लेखक नाही, त्याला तसे ठरविण्याची गरजही नाही. पण २०२३ मध्ये, शाळा आणि ग्रंथालयांतून काळ्या लेखकांची पुस्तके हटविली जात असताना, बंदी घातलेल्या पुस्तकांच्या सप्ताहाचे मानद अध्यक्षपद त्याने स्वीकारले. किझीला विकणाऱ्या मालकाची भीती आजही जिवंत आहे, हे त्याला ठाऊक आहे. सन्मान मिळाल्यावर ही जाणीव टिकविणे सोपे नसते.

आपल्या संदर्भात एक प्रश्न उरतो. ‘रूट्स’ टीव्हीवर आली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि आपल्या आत्मकथनांनी मराठी साहित्याचा भूतकाळ कायमचा उघडा केला. ते काम संपलेले नाही. परंतु भविष्यकाळ कोणाच्या ताब्यात आहे? मराठी विज्ञानकथेच्या यानात आपल्या वस्तीतील माणूस कोणत्या कामावर आहे, तो बोलतो काय, रागावतो काय, हे आपण कधी तपासले आहे काय? आपल्या विद्यार्थ्यांनी हे तपासावे, आणि तपासून झाल्यावर लिहावे. त्यासाठी आधी वसतिगृहात, विहारात, महाविद्यालयाच्या रिकाम्या तासाला चार जणांनी बसून एक पुस्तक मोठ्याने वाचायला लागावे. जे अडखळतील त्यांना बरोबर घ्यावे, आणि पुस्तक संपल्यावर पहिले मत त्यांचेच ऐकावे.