न्यायालयीन नाटकातील ‘नव्हे’

न्यायालयीन रहस्यकथेत गुन्हेगार कोण, हा प्रश्न अखेरपर्यंत राखून ठेवण्याचा प्रघात आहे. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) ह्या नाटकाने तो आरंभीच निकालात काढला आहे. माधव काझी ह्याच्या गाजलेल्या प्रकरणावर आधारलेल्या ह्या नाटकात निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे हाच दिवाकर दातार व कॅप्टन अशोक परांजपे होय, हे प्रेक्षक जाणतो. फिरत्या रंगमंचावर त्या घरांतील प्रसंग त्याने पाहिलेले असतात. मग उत्कंठा उरते ती कशाची?

उत्तर शीर्षकाच्या क्रियापदात आहे. प्रमाण मराठीत ‘नाही’ने अस्तित्व नाकारले जाते, ‘नव्हे’ने तादात्म्य: ‘घरात कोणी नाही’, परंतु ‘हा माझा भाऊ नव्हे’. (बोलण्यात हा भेद आता पुसट झाला आहे.) ‘असा कोणी नाही’ असे लखोबाला म्हणावेच लागत नाही. लग्न झाले असेल, फसवणूकही झाली असेल. तो केवळ ‘तो’ आणि ‘मी’ ह्यांमधील दुवा तोडतो आणि ‘च’ लावून ती तोड पक्की करतो. तो दुवा पुन्हा जोडण्याचे काम मग साक्षीदारांवर येते, आणि घराने अब्रूपायी झाकलेले सारे स्त्रीला चारचौघांत उच्चारावे लागते. प्रभाकर पणशीकरांच्या वेषांतराचे कौतुक रास्तच होते. परंतु नाटकाचा खरा ताण ह्या उच्चारण्यात आहे.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये खटला लुटुपुटीचा, आणि तरीही अधिक क्रूर आहे. लखोबाला जो नकार सहज साधतो, तो बेणारेबाईंना उपलब्धच नाही. त्यांच्या कोवळ्या वयातील मामाच्या संबंधाची वार्ता तेथे ऐकीव पुराव्याच्या रूपाने येते. लग्नात भाचीला बोहल्याकडे नेणारा तो मामा. मराठी नात्यांत ह्याहून विश्वासाचा शब्द क्वचितच सापडेल. परंतु त्याच्यावर आरोप ठेवण्याचे कोणालाच सुचत नाही. प्राध्यापक दामलेही गैरहजरच राहतात. बाईंचे दीर्घ स्वगत प्रेक्षक ऐकतो, न्यायासनापर्यंत ते पोहोचत नाही; आणि भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे तेच न्यायासन शेवटी गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावते.