झाकलेले डोळे : गोयाचे ‘चेटकिणींचे उड्डाण’

ओसुनाच्या ड्यूक-दांपत्यासाठी फ्रान्सिस्को गोया याने १७९७-९८ च्या सुमारास चेटूक या विषयावर सहा लहान तैलचित्रे काढली. त्यांपैकी ‘चेटकिणींचे उड्डाण’ हे आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. आकार जेमतेम ४३.५ × ३०.५ सेंटिमीटर, परंतु त्यातील भाववृत्ती विलक्षण व्यामिश्र आहे.

काळ्या अवकाशात, अधांतरी, कमरेपर्यंत उघड्या तीन आकृती एका नग्न माणसाला पेलून त्याच्या देहाला तोंडे भिडवतात. शीर्षकात चेटकिणी असल्या, तरी हे देह पुरुषी आहेत. खाली एक जण कान झाकून जमिनीवर पडला आहे. दुसरा डोक्यावर पांढरे वस्त्र ओढून पुढे निघाला आहे. मुठीतील बोटांच्या बेचक्यातून त्याने अंगठे बाहेर काढले आहेत. दृष्ट टाळण्याची ही तिकडची प्रचलित मुद्रा. उजवीकडे गाढव उभे आहे.

गाढव हे अज्ञानाचे, वस्त्र हे अंधश्रद्धेचे प्रतीक मानले, की प्रबोधनयुगीन उपहासाचा अर्थ सहज हाती येतो. तो चुकीचा नसला, तरी अपुरा आहे. उडणाऱ्यांच्या उंच टोप्या पाहाव्यात. स्पेनचे धर्मन्यायालय दोषी ठरवलेल्यांना अशाच निमुळत्या टोप्या घालून मिरवीत असे. मात्र येथे टोपीचे टोक दुभंगलेले आहे, आणि त्यामुळे बिशपच्या शिरोभूषणाचाही भास होतो. दंडित आणि दंडकर्ता यांना एकच टोपी देऊन गोयाने उपहासाला धार आणली आहे.

प्रकाशयोजनाही सूचक आहे. उजेड वरच्या समूहावर एकवटला आहे. त्याचा उगम मात्र दिसत नाही. ती तोंडे रक्त शोषतात की देहात श्वास फुंकतात, याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही, आणि चित्रही निर्णय देत नाही. या अनिश्चिततेतूनच भयाचा प्रत्यय येतो.

चेटूक हा निव्वळ भ्रम मानावा, तर वर पाहण्याजोगे काहीच उरत नाही. तरीही चित्रकाराने तेथे एक तडफडणारा देह ठेवला आहे आणि त्याच्यावर पुरेसा उजेड टाकला आहे. पांढऱ्या वस्त्राखालचा माणूस स्वतःला अरिष्टापासून वाचवू पाहतो. प्रत्यक्षात तो एका यातनेचा साक्षीदार होण्याचे टाळतो. त्याने नाकारलेले साक्षीदाराचे स्थान चित्रासमोर उभ्या असलेल्या रसिकाकडे येते. चित्राचे नैतिक गांभीर्य आहे ते येथे.