‘प्रतिभा’ या संज्ञेचा अर्थविचार

मराठी समीक्षेत ‘प्रतिभा’ ही संज्ञा ‘सर्जनशक्ती’ या अर्थी इतकी रूढ झाली आहे की, या दोन शब्दांची घडण परस्परविरुद्ध आहे याकडे सहसा लक्ष जात नाही. ‘सर्जन’ हा शब्द ‘सृज्’ या सकर्मक धातूपासून आलेला. निर्माता आणि निर्मित वस्तू ही दोन्ही तो गृहीत धरतो. उलट ‘प्रतिभा’च्या मुळाशी असलेला ‘भा’ (प्रकाशणे) हा धातू अकर्मक होय. ‘प्रति’ उपसर्गासह त्याचा अर्थ समोर प्रकाशणे, मनात स्फुरणे असा होतो. ‘प्रतिभाति’ या क्रियापदाचा कर्ता स्फुरणारी वस्तू असते. ज्याला ती स्फुरते तो द्वितीयेत किंवा षष्ठीत येतो. म्हणजे व्याकरणदृष्ट्या कवी येथे कर्ता नव्हेच. मराठीत हीच रचना ‘सुचणे’ या अगदी घरगुती क्रियापदाने जपली आहे : ओळ सुचते, ती कवीला.

भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात प्रतिभेलाच वाक्यार्थ मानले. पदांचे अर्थ पृथक् कळल्यानंतर जो अखंड बोध एकाएकी उजळतो, तो प्रतिभा. पशुपक्ष्यांच्या उपजत प्रवृत्तीही तो याच संज्ञेखाली आणतो. काव्यनिर्मितीचा येथे संबंध नाही.

अलंकारशास्त्रात ही संज्ञा कवीच्या बाजूस झुकली. भट्टतौताने सतत नवे उमलत राहणाऱ्या प्रज्ञेस प्रतिभा म्हटले. त्यात प्रकाशण्याची छटा शिल्लक आहे. त्याचा शिष्य अभिनवगुप्त ‘लोचना’त मात्र अपूर्व वस्तूच्या निर्माणाचे सामर्थ्य हेच तिचे लक्षण सांगतो. तेव्हा सर्जनाचा अर्थ केवळ इंग्रजी समीक्षेच्या परिचयाने आला, हे म्हणणे टिकणारे नाही. भेद आहे तो अन्यत्र. अभिनवगुप्ताच्या शैव दर्शनात प्रकाशणे व निर्माण करणे ही एकाच चैतन्याची अंगे आहेत. आधुनिक समीक्षेने हा आधार सोडला, निर्माण तेवढे ठेवले आणि ते ‘प्रतिभावंत’ व्यक्तीच्या नावे केले.

या संकोचाची किंमत राजशेखरापाशी कळून येते. ‘काव्यमीमांसे’त त्याने कवीला उपकारक ती कारयित्री आणि भावकाला उपकारक ती भावयित्री असे प्रतिभेचे भेद केले. प्रतिभा म्हणजे सर्जनशक्तीच, असे धरल्यास भावयित्री प्रतिभा हा वदतोव्याघात ठरतो, किंवा रसिकाला ओढूनताणून निर्माता ठरवावे लागते. मूळ धात्वर्थ घेतला तर असा खटाटोप नको. कवीला जे स्फुरले ते वाचकालाही स्फुरावे लागते, एवढेच राजशेखर सांगत आहे.