लैंगिक हिंसा आणि आरोग्यसंशोधन : तपासणी नेमकी कोणाची?

प्रास्ताविक

लैंगिक हिंसा हा केवळ गुन्हेगारीचा किंवा नीतीचा प्रश्न नसून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, ही मांडणी आता सर्वपरिचित झाली आहे. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य सभेने हिंसा ही सार्वजनिक आरोग्याची समस्या असल्याचे घोषित केले. २००२ च्या 'हिंसा व आरोग्य' विषयक जागतिक अहवालात लैंगिक हिंसेला स्वतंत्र प्रकरण मिळाले. २००५ मध्ये १० देशांतील २४ हजारांहून अधिक स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने असा अंदाज मांडला की, जगातील सुमारे ३० टक्के स्त्रियांनी आयुष्यात केव्हा तरी जोडीदाराची शारीरिक वा लैंगिक, अथवा इतरांची लैंगिक हिंसा अनुभवली आहे. या संशोधनाचे महत्त्व वादातीत आहे. तथापि असे संशोधन कोणाची तपासणी करते आणि कोणाला तपासणीबाहेर ठेवते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

देसाईगंज ते सेवाग्राम

आपल्याकडे या विषयाचा आरंभ आरोग्यशास्त्रातून नव्हे, तर न्यायालयातून झाला. २६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. नागपूर खंडपीठाने आरोपी पोलिसांना दोषी ठरविले. परंतु १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार या चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र, त्यानंतरचे आंदोलन आणि १९८३ ची कायदादुरुस्ती हा इतिहास सुपरिचित आहे. तुलनेने दुर्लक्षित राहिलेली बाब अशी की, या खटल्यात वैद्यकीय अहवालाला मोठे महत्त्व आले होते. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. शरीर 'सरावलेले' आहे, म्हणजे शब्द विश्वासार्ह नाही, असा अर्थ वैद्यकीय नोंदींतून काढला गेला. येथे वैद्यकशास्त्र रुग्णाच्या बाजूने उभे नव्हते. ते तिच्या चारित्र्याची तपासणी करीत होते.

हा समज शास्त्रीय नाही. बळजबरीच्या संभोगानंतरही सुमारे एक-तृतीयांश प्रकरणांतच दृश्य जखमा आढळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे. तरीही 'दोन बोटांची चाचणी' रुग्णालयांत चालूच राहिली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अशा तपासण्यांच्या दुरवस्थेवर अहवाल तयार केला आणि त्याच्या आधारे २०१० मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी स्त्रीच्या खाजगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरविली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर ती करणारा डॉक्टर गैरवर्तनास पात्र ठरेल, असे स्पष्ट केले.

सेवाग्रामच्या या अभ्यासाचे वेगळेपण पद्धतीत आहे. त्याने अत्याचारग्रस्त स्त्रीला पुन्हा प्रश्न विचारले नाहीत. डॉक्टरांनी काय लिहिले, हे तपासले. संशोधनाचा विषय स्त्री नव्हती, व्यवस्था होती.

संज्ञेचा प्रश्न

सर्वेक्षणाधारित संशोधनाची अडचण भाषेपासूनच सुरू होते. मराठीत 'अब्रू लुटणे' या शब्दप्रयोगात हानी तिच्या खात्यावर जमा होते. 'अतिप्रसंग' या शब्दात कृत्यच धूसर होते. 'विनयभंग' या संज्ञेत इजा शरीराला नव्हे, तर विनयाला झालेली दिसते. नवऱ्याच्या बळजबरीसाठी तर बोलीत रुळलेले नामच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीपासून संज्ञा टाळून थेट कृतींविषयी प्रश्न विचारले, एका घरातील एकाच स्त्रीला आणि एकांतात विचारले, हे त्याचे यश मानले पाहिजे. पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील सुमारे ६ टक्के स्त्रियांनी लैंगिक हिंसेचा अनुभव सांगितला. विवाहितांच्या बाबतीत हिंसा करणारा ८० टक्क्यांहून अधिक वेळा सध्याचा पतीच होता. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्क्यांनी कोणाची तरी मदत मागितली होती.

या आकड्यांशेजारी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे ठेवण्याची प्रथा पडली आहे. २०२२ मध्ये देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. परंतु एक आकडा आयुष्यभराच्या अनुभवाचा, तर दुसरा एका वर्षातील नोंदींचा आहे. शिवाय पतीची बळजबरी दुसऱ्यात सहसा येतच नाही. त्यामुळे दोहोंतील तफावतीला 'न नोंदलेले गुन्हे' म्हणणे पद्धतीच्या दृष्टीने सदोष ठरते.

विचारण्याची जबाबदारी

नोंद नाही म्हणून समस्या नाही, हे महाराष्ट्राने यापूर्वीही अनुभवले आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या गावांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या. तथापि हिंसेच्या बाबतीत एक महत्त्वाचा भेद आहे. रोगाविषयी विचारल्यास उपचार देता येतो. हिंसेविषयी विचारून, कोणतीही सोय न करता परत पाठविल्यास त्या स्त्रीचा धोका वाढू शकतो.

या दृष्टीने २००० मध्ये मुंबई महानगरपालिका व 'सेहत' या संस्थेने वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात सुरू केलेले 'दिलासा' केंद्र उल्लेखनीय आहे. पुढे २००८ पासून पालिकेच्या तीन रुग्णालयांत लैंगिक अत्याचारग्रस्तांसाठी उपचार, समुपदेशन व पुरावा यांची एकत्रित पद्धत राबविण्यात आली. येथे संशोधन सेवेतून निर्माण झाले. एचआयव्ही-प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. तातडीचे गर्भनिरोधक जितके लवकर, तितके परिणामकारक. न्यायालय वर्षे मोजते, आरोग्यसेवेला तास मोजावे लागतात. आरोग्याच्या दृष्टीचे खरे समर्थन यातच आहे.

मर्यादा

तरीही तीन मर्यादा नोंदविणे आवश्यक वाटते. पहिली, या मांडणीचा आधार बव्हंशी मुंबई महापालिकेची यंत्रणा हा आहे. मुर्धा, राई, मोरवा ही गावे मुंबईला लागून असली, तरी ती ठाणे जिल्ह्यात, २००२ मध्ये स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेत येतात. २०२० पासून त्यांचे पोलीस आयुक्तालयही वेगळे आहे. वांद्र्याचा निष्कर्ष येथे आपोआप लागू होत नाही.

दुसरी मर्यादा कायद्याची. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये १८ वर्षांवरील पत्नीसंबंधीचा अपवाद कायम आहे. याउलट २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपात कायद्यापुरता पतीने केलेला बलात्कार मान्य केला. म्हणजेच एकाच स्त्रीच्या गर्भाच्या संदर्भात जे सत्य आहे, ते तिच्या तक्रारीच्या संदर्भात सत्य नाही. सर्वेक्षणातील सर्वांत मोठा गट या विसंगतीत अडकलेला आहे.

तिसरी मर्यादा आपलीच. महाराष्ट्रातील स्त्रियांविषयीचे हे बहुतेक संशोधन इंग्रजीत प्रसिद्ध होते. ज्या परिचारिकेने, आशा कार्यकर्तीने वा प्राध्यापकाने ते वाचावयास हवे, त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, स्त्रियांची गणना करणारे संशोधन आवश्यक असले, तरी बदल घडविला तो प्रामुख्याने व्यवस्थेची झडती घेणाऱ्या संशोधनाने. असे संशोधन महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या आवाक्यातील आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयात लिखित कार्यपद्धती आहे काय, पोलीस तक्रारीविना उपचार मिळतात काय, संमतीपत्र मराठीत आहे काय, आवश्यक औषधे रात्रीही उपलब्ध असतात काय, हे तपासण्यासाठी एकाही स्त्रीला तिची कथा पुन्हा सांगावी लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार खाजगी रुग्णालयांसह सर्व रुग्णालयांवर अशा रुग्णांना मोफत प्रथमोपचार व उपचार देण्याचे बंधन आहे. हे बंधन प्रत्यक्षात पाळले जाते की नाही, एवढा एकच प्रश्न घेऊन आपल्या परिसराचा अभ्यास झाला, तरी त्याची उपयुक्तता एखाद्या जागतिक अंदाजाहून कमी ठरणार नाही.