घरगुती मोशन कॅप्चर : पाय जमिनीवर टेकेपर्यंत

मोशन कॅप्चर म्हणजे हलत्या माणसाच्या सांध्यांची जागा आणि कोन सेकंदाला तीस, साठ किंवा त्याहून अधिक वेळा मोजायचे आणि ती नोंद संगणकातल्या पात्राच्या सांगाड्यावर चढवायची. चित्रपटांच्या स्टुडिओत अंगाला परावर्तक गोळे चिकटवतात आणि चारी बाजूंना इन्फ्रारेड कॅमेरे लावतात. एकच गोळा अनेक कॅमेऱ्यांना एकाच वेळी दिसतो, म्हणून त्याची जागा अतिशय अचूक मिळते. ऑक्सफर्डच्या व्हायकॉन कंपनीची यंत्रणा या पद्धतीत दीर्घकाळ मानदंड ठरली आहे. हौशी अ‍ॅनिमेटरकडे असे कॅमेरे नसतात आणि ते मांडायला लागणारी मोकळी जागा तर मुळीच नसते. त्याच्याकडे एक खोली, एक संगणक आणि स्वतःचे शरीर असते. त्याच्यासाठी निघालेल्या साधनांची पारख करताना ‘हालचाल टिपली गेली का’ हा प्रश्न फार सोपा पडतो. चालताना जो पाय जमिनीवर आहे तो तिथेच राहतो का, असे विचारले की साधनांची खरी प्रतवारी लागते. शरीराचे वजन प्रेक्षकाला पायातून जाणवते. पाय घसरला की उरलेला अभिनय कितीही जिवंत असो, पात्र तरंगू लागते.

खऱ्या माणसाची हालचाल चित्राला देण्याची धडपड जुनी आहे. मॅक्स फ्लायशर यांनी रोटोस्कोपच्या पेटंटसाठी १९१५ मध्ये अर्ज केला आणि १९१७ मध्ये ते त्यांना मिळाले. विदूषकाच्या वेषातला त्यांचा भाऊ डेव्ह चित्रफितीवर टिपायचा आणि एकेक चौकट गिरवून कोको हे पात्र हलवायचे, अशी ती रीत होती. तिथे पाय घसरला तर गिरवणाऱ्याच्या डोळ्याला तो लगेच दिसे. संगणकाने मोजणी हाती घेतली आणि ही राखण सुटली.

घरगुती मोशन कॅप्चरचा खरा आरंभ नोव्हेंबर २०१० मध्ये झाला. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रासाठी किनेक्ट बाजारात आणला तेव्हा त्याची किंमत १५० डॉलर होती. हे उपकरण खोलीभर अदृश्य ठिपक्यांची नक्षी फेकायचे आणि ते ठिपके किती सरकले त्यावरून प्रत्येक बिंदूचे अंतर काढायचे. त्या अंतरदर्शक चित्रातला कोणता भाग कोपर, कोणता गुडघा हे यंत्राला शिकवण्यासाठी संशोधकांनी व्यावसायिक मोशन कॅप्चरच्या नोंदींवरून लाखो कृत्रिम चित्रे तयार केली होती. घरचे स्वस्त यंत्र उभे राहिले ते स्टुडिओच्या महागड्या नोंदींवरच. ही वंशावळ पुढच्या अनेक साधनांत दिसते.

किनेक्ट २० सांधे सेकंदाला ३० वेळा द्यायचा. माणूस समोर तोंड करून उभा असेपर्यंत ठीक. पाठ फिरवली की डावा-उजवा हात अदलाबदल व्हायचा, आणि जमिनीला लागलेले पाऊल अंतराच्या चित्रात जमिनीतच मिसळून जायचे. त्यामुळे घोटे सतत थरथरत. यावर उत्तम तोड आयपीआय सॉफ्ट या कंपनीने काढली. तिने टिपणे आणि उलगडणे ही कामे वेगळी केली: आधी दोन किनेक्ट किंवा प्लेस्टेशनचे तीन-चार स्वस्त आय कॅमेरे लावून चित्रण करायचे, मग संगणकाने शरीराची एक प्रतिकृती प्रत्येक चौकटीत सावकाश बसवायची. खेळ खेळणाऱ्याला उत्तर तत्क्षणी हवे असते, अ‍ॅनिमेटरला ते रात्रभराने मिळाले तरी चालते. हा साधा फरक ओळखल्यामुळे त्या काळातले सर्वांत विश्वासार्ह घरगुती काम या वाटेने झाले. पण ज्या कॅमेऱ्यांवर ते उभे होते ते खेळांच्या बाजारासाठी बनलेले होते. किनेक्टच्या दुसऱ्या पिढीचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले. २०१९ मध्ये आलेला अझूर किनेक्टही २०२३ मध्ये बंद झाला. हौशी कलावंताचे अवजार दुसऱ्याच्या धंद्याच्या हिशेबाने येते आणि जाते, ही या क्षेत्राची खरी दुर्बलता आहे; तंत्राच्या उणिवांपेक्षा तिने अधिक नुकसान केले.

दुसरी वाट कॅमेराच काढून टाकते. अंगावर बांधलेल्या छोट्या सेन्सरांत फिरण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप, गुरुत्वाची दिशा सांगणारा अ‍ॅक्सेलरोमीटर आणि उत्तर दिशा दाखवणारा मॅग्नेटोमीटर असतो. चीनच्या नॉयटम कंपनीने २०१४ मध्ये लोकवर्गणीतून पर्सेप्शन न्यूरॉन आणला. डेन्मार्कच्या रोकोकोने १९ सेन्सरांचा स्मार्टसूट काढला, पण त्याची किंमत दोन हजार डॉलरच्या वर गेली. सोनीने २०२३ मध्ये जपानमध्ये मोकोपी आणला तो ४९,५०० येनला: डोके, कंबर, दोन मनगटे आणि दोन घोटे यांवर प्रत्येकी ८ ग्रॅमचे सहा सेन्सर. कोपर आणि गुडघा कुठे असतील हे तिथे मोजले जात नाही, शिकवलेले गणित त्यांचा अंदाज करते. स्लाइमव्हीआर या खुल्या प्रकल्पाने तर असे सेन्सर घरी जोडण्याचे आराखडेच सर्वांना दिले.

या पद्धतीचे बलस्थान मोठे आहे. कोणताही अवयव झाकला जात नाही. अंगावर नऊवारी असो, धोतर असो, अंधार असो, सेन्सरला फरक पडत नाही. पण सेन्सर कोन सांगतो, जागा सांगत नाही. जागा हवी तर एक पाय टेकलेला आहे असे धरून तिथून सांगाडा वर मोजत न्यावा लागतो. म्हणजे ज्या पायाची परीक्षा घ्यायची, तोच इथे गृहीत धरलेला असतो. सपाट जमिनीवरच्या चालीत हे छान जमते. उडी, जिना, खुर्चीवर बसणे, दुसऱ्याला उचलणे यांत गृहीतक मोडते आणि पात्र जमिनीत रुतते किंवा वर उचलले जाते. त्यात लोखंडाचा त्रास. आरसीसी स्लॅबमधल्या सळया आणि भिंतीलगतचे लोखंडी कपाट मॅग्नेटोमीटरला चकवतात आणि काही मिनिटांत पात्राचे पाय हळूहळू वेगळ्याच दिशेला वळतात. सदनिकेत काम करणाऱ्याने खोलीच्या मध्यावर उभे राहावे, टेक लहान ठेवावेत आणि दर टेकआधी कॅलिब्रेशन करावे, हे उपाय कंटाळवाणे पण अटळ आहेत.

तिसरी वाट आज सर्वाधिक चालती आहे: साधा व्हिडिओ आणि त्यातून शरीर ओळखणारे न्यूरल नेटवर्क. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ओपनपोझने २०१७ मध्ये हे सर्वांच्या हाती दिले. गुगलच्या ब्लेझपोझने २०२० मध्ये ३३ बिंदू साध्या फोनवर आणले. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या एसएमपीएल या शरीर-प्रतिकृतीमुळे बिंदूंऐवजी पूर्ण शरीर बसवता येऊ लागले. डीपमोशन, मूव्ह, रोकोको व्हिजन यांसारख्या सेवा व्हिडिओ घेऊन हालचालीची फाइल परत देतात.

एका कॅमेऱ्याची मर्यादा मात्र भूमितीची आहे. हात कॅमेऱ्याकडे आला की मागे गेला, हे सपाट चित्रात जवळजवळ सारखेच दिसते. नेटवर्क आजवर पाहिलेल्या शरीरांवरून अंदाज बांधते. म्हणून समोरून पाहिल्यावर उत्तम वाटणारी चाल बाजूने पाहिली की पुढेमागे डुलते. २०२३ पासून आलेल्या व्हॅमसारख्या पद्धती पाऊल कधी टेकले हे स्वतंत्रपणे ओळखतात आणि त्यावरून माणसाचा मार्ग सुधारतात. योग्य प्रश्न अखेर विचारला गेला, म्हणून ही पायरी महत्त्वाची. पण अशा बहुतेक संशोधन-पद्धतींचा परवाना केवळ संशोधनापुरता असतो. आपला लघुपट विकायची इच्छा असलेल्या हौशीने परवाना आधी वाचावा. ज्याच्याकडे दोन-तीन वेबकॅम आहेत त्याच्यासाठी फ्रीमोकॅप हा खुला प्रकल्प अधिक प्रामाणिक वाटतो: छापील चौकटींचा फलक दाखवून कॅमेऱ्यांचे कॅलिब्रेशन होते, खोली खरोखर मोजली जाते आणि निकाल थेट ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये जातो.

चेहऱ्याचा प्रश्न बराच सुटला आहे. किनेक्टचे मूळ तंत्र देणारी प्राइमसेन्स ही कंपनी अ‍ॅपलने २०१३ मध्ये विकत घेतली आणि २०१७ च्या आयफोन टेनमध्ये अंतर मोजणारा कॅमेरा चेहऱ्यासमोर आला. तो चेहऱ्याच्या ५२ आकारांची मूल्ये देतो. भुवया, पापण्या आणि जबडा समाधानकारक मिळतात. ओठ पूर्ण मिटणे मात्र अनेकदा निसटते. प, ब, म उच्चारताना फट उरली की संवाद परक्या तोंडून आल्यासारखा वाटतो, आणि ती दुरुस्ती हातानेच करावी लागते. बोटांची स्थिती याहून कच्ची आहे. एक बोट दुसऱ्याआड जाते, त्यामुळे नृत्यातल्या हस्तमुद्रा आजही सेन्सरच्या हातमोज्यांशिवाय किंवा की-फ्रेमशिवाय, म्हणजे मोक्याच्या चौकटी हाताने बसवल्याशिवाय, नीट मिळत नाहीत.

टिपणे स्वस्त झाले तसा खरा खर्च सफाईकडे सरकला. थरथर घालवण्यासाठी नोंद गुळगुळीत केली की टाच आपटण्याचा क्षणही पुसला जातो आणि चाल कापसावरची होते. म्हणून फिल्टर धडावर सढळ, पायावर अगदी कमी, आणि टेकलेले पाऊल कुलूपबंद करून गुडघ्याचा हिशेब संगणकावर सोडणे ही चांगली रीत आहे. नटाच्या आणि पात्राच्या पायांची लांबी वेगळी असेल तर घसरण पुन्हा सुरू होते. लुटुलुटु चालणारे ठेंगणे पात्र उंच माणसाच्या नोंदीवर कधीच नीट उभे राहत नाही. वजनाचे ढोंगही टिपले जाते: रिकामे खोके जड असल्यासारखे उचलले तर खांदे अभिनय करतात, कंबर मात्र खरे सांगते. खोक्यात खरे वजन भरणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

साध्या हालचालींसाठी मुळात टिपण्याचीच गरज नसते. कार्नेगी मेलनच्या मोफत संग्रहात अडीच हजारांहून अधिक नोंदी आहेत आणि अडोबीच्या मिक्सामोमध्ये तयार चाली आहेत. चालणे, धावणे, उडी, ठोसा हे पुन्हा टिपण्यात वेळ घालवू नये. उणीव आहे ती वेगळीकडे. मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून भांडी घासणे, डोक्यावर घागर घेऊन वळणे, पाटावरून हाताच्या आधाराविना उठणे यांच्या नोंदी अशा संग्रहांत तुरळक आहेत, आणि मराठी घरातली गोष्ट सांगणाऱ्याला नेमक्या त्याच लागतात. घरगुती मोशन कॅप्चरचे सर्वांत मोलाचे काम इथे आहे. या बैठकांत एक पाय दुसऱ्याआड जात असल्याने एकाच कॅमेऱ्याचा व्हिडिओ हमखास फसतो. तिथे सेन्सर वापरावेत किंवा काटकोनात ठेवलेले किमान दोन कॅमेरे. मांडीच्या खालच्या पायाची जागा कोणत्याही साधनावर न सोपवता चित्रण समोर ठेवून की-फ्रेमने बसवावी.